रॉनीच्या ओठांवर जनाकाका

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. माझा धंदा साउंड सिस्टीमचा. आमच्या भिवंडीच्या पट्ट्यात हळदीला डीजे नसेल तर नवरदेवापेक्षा पाहुणेच जास्त रुसतात, त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी स्पीकर लादलेला टेम्पो घेऊन गावोगाव फिरतोय... पडघा, अकलोली, म्हणाल तिथे. या रस्त्यांवर प्रत्येक वडाखाली कुणी ना कुणी उभं असतं म्हणे. मला आजवर तिथे पंक्चर काढणारे ट्रकवाले सोडून कुणी दिसलेलं नाही. या सदरातले अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आता हसायची पाळी तुमची. हसा, पण शेवटपर्यंत वाचून मग हसा.

नावं बदलली आहेत. बँडचं नाव देतच नाही. जुन्या लोकांना ओळखू येईल, येऊ दे.

जनाकाका म्हणजे माझ्या वडिलांचा — आम्ही त्यांना आबा म्हणतो — सख्खा धाकटा भाऊ. आमचं घर मूळचं शेतीवाल्यांचं. आजोबांनी कल्याण रोडच्या आतल्या बाजूला, स्वतःच्या जमिनीवर पत्र्याची शेड टाकून आठ पॉवरलूम बसवले. काका डोक्याने हुशार म्हणून त्याला मुंबईला कॉलेजात घातला, आणि तो तिथे शिकला काय, तर ड्रम वाजवायला! सत्तरच्या दशकात मुंबईत लांब केसांची पोरं इंग्रजी रॉक वाजवत फिरायची, त्यातल्या एका बँडमध्ये आमचा आगरी काका. त्या बँडचं एक गाणं फार गाजलं. तुम्ही ते कुठे ना कुठे ऐकलं असणार. भिवंडीचा माणूस त्याचा ठेका ऐकताक्षणी सांगेल की हा लूमचा ठेका आहे — धोटा इकडून तिकडे फेकला जातो तेव्हा होणारा खट्, आणि मागोमाग फणी आपटते तो खटाक्. ती चाल काकाची. शब्दही त्याचेच, आपल्या बोलीतले. बँडचा गायक रॉनी, त्याने ते इंग्रजीत केले.

आजोबा वारले तेव्हा काका चार महिन्यांसाठी घरी आला, कारखाना मार्गी लावायला. त्याच चार महिन्यांत बँडने ते गाणं रेकॉर्ड केलं. ड्रमवर दुसराच कुणी. रेकॉर्डच्या पाकिटावर काकाचं नाव नाही, आणि गाण्याखाली कवीच्या जागी छापलं होतं — ट्रॅडिशनल. म्हणजे वाऱ्यावर सापडलेलं गाणं, कुणाच्या बापाचं नाही!

काकाने ते पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं. आई सांगायची, तो जेवत होता. ताट संपवलं, हात धुतले आणि कारखान्यात निघून गेला. परत मुंबईला गेला नाही, लग्न केलं नाही, ड्रमच्या काठीला हात लावला नाही. त्याने वीस वर्षं त्या लूमच्या मध्ये उभं राहून दोन्ही कान घालवले, आणि शेवटी छातीच्या दुखण्याने गेला.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागेल. लूम चालू असताना शेडमध्ये कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून लूमवाले ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड मोठं करून शब्द घडवायचा. समोरचा चार लूम पलीकडून वाचतो. शिव्या, जोक, घरचं रडगाणं, सगळं असंच चालतं. आमच्या शेडमध्ये कुणाला हाक मारायची तर हनुवटीवर दोन बोटं दोनदा आपटायची, म्हणजे 'इकडे बघ'. ही खूण काकाने काढलेली, दुसऱ्या कारखान्यात नव्हती. तो बहिरा झाल्यावर मी त्याच्याशी असाच बोलायचो. सायकल चालवायलाही मी याच भाषेत शिकलो. काका मला सगळ्यात जवळचा होता, आबांपेक्षाही.

म्हणून रॉनीचा मला राग होता, आणि तो साधासुधा राग नव्हता. पेपरात त्याचा फोटो आला की मी तो बॉलपेनने भोकं पडेपर्यंत गिरवायचो. एक दिवस या माणसाला लोकांसमोर नागडा करायचा, आणि त्याच्याच तोंडून कबूल करून घ्यायचं की हे गाणं कुणाचं, एवढी एकच इच्छा मी मनात पाळली होती.

तो दिवस दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी आला. म्हाताऱ्या रॉक बँड्सची तेव्हा परत लाट आली होती. छोट्या क्लबांत, हॉटेलांच्या गच्चीवर, शंभर-दीडशे माणसांत ते वाजवायचे. अशाच एका शोला माझे स्पीकर भाड्याने गेले आणि मी रॉनीला दहा फुटांवरून बघितला. साठीला आलेला, पोनीटेल पांढरी, चष्मा दोरीने गळ्यात. मी गोड हसून पुढे झालो. म्हटलं, सर, भिवंडीत आमची जुनी पॉवरलूम शेड आहे, लूम काढून टाकलेत, तिथे शो करू या. मी कुणाचा पुतण्या ते सांगितलं नाही.

"लूम शेड? मॅन, ये तो एकदम सही है!" रॉनी म्हणाला. त्याला मराठी म्हणजे 'पुढे चला' आणि 'काय झाला' एवढंच येत होतं. लक्षात ठेवा हे.

शो शुक्रवारी दुपारी ठेवला. भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात. इतर दिवशी ठेवला असता तर शेजारच्या शेडच्या खडखडाटात लीड गिटारसुद्धा कुणाला ऐकू आली नसती. माझा बेत साधा होता. काकाने मी लहान असताना घरच्या टेपवर ते गाणं म्हणून ठेवलं होतं, आपल्या बोलीत, पत्र्याच्या डब्यावर ठेका धरून. ती कॅसेट मी मिक्सरला जोडून ठेवली. रॉनीने ते गाणं सुरू केलं की त्याचा माइक बंद करायचा, कॅसेट सोडायची, आणि मग स्टेजवर जाऊन सगळ्यांसमोर म्हणायचं — हा माणूस चोर आहे. आणि ते ऐकायला आबा हवेत म्हणून मी त्यांना पहिल्या रांगेत, अगदी मधोमध खुर्ची टाकून बसवलं. आबांचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. ते कुरकुरले.

"मना कनाला नेतस? मना त्यातला काय कलतं?"

"जनाकाकाचं गाणं हाय आबा. तुम्ही पायजेत," मी म्हटलं. त्यांनी टोपी चढवली आणि सोबत निघाले. म्हाताऱ्या माणसाला भावाची आठवण आली असेल असं मला वाटलं.

चार वाजता शेड भरली. इंजिनीयरिंगची पोरं, ठाण्याचे बुलेटवाले, मुंबईहून गाड्या करून आलेले पिकल्या केसांचे चाहते. बाजूच्या भिंतीला लागून आमचे जुने कारागीर उभे होते, नमाज पढून तसेच आलेले, पांढऱ्या कुर्त्यात. त्यांच्यात रफीकचाचा — आमच्या शेडचा जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, आजोबांच्या वेळेपासूनचा. चाचा पुढच्या बाजूला, आबांच्या तिरप्या रेषेत उभा होता. मी सगळ्यांच्या मागे, मिक्सरवर. मला स्टेज समोर दिसत होतं आणि आबांची फक्त पाठ आणि टोपी.

आधी पुण्याचा एक तसाच म्हातारा बँड वाजला, मग हे आले. खरं बोलायचं तर... वाजवत होते मात्र बेफाट. ड्रमरने चढण्याआधी बीपीची गोळी घेतली होती, बेसवाल्याच्या गुडघ्याला पट्टा होता, आणि तरी पत्रा थरथरत होता. एवढ्या लहान जागेत, घामाचे थेंब दिसतील एवढ्या जवळून ऐकलं की कळतं, या लोकांनी हे उगाच नाही केलं आयुष्यभर. मला आवडत होतं, आणि आवडतंय म्हणून आणखी राग येत होता. इथे, याच कोब्यावर, काकाने कान घालवले होते.

मग ते गाणं आलं. ड्रमवर खट्-खटाक्, खट्-खटाक्. पब्लिक ओरडलं. पहिलं कडवं मी होऊ दिलं. दुसरं सुरू होताच रॉनीच्या माइकचा फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली ओढला आणि कॅसेटचं बटण दाबलं.

कॅसेट फिरत होती. मिक्सरवर तिचे दिवे वरखाली होत होते, म्हणजे आवाज आत येत होता. स्पीकरमधून मात्र काहीही नाही. मी वायर हलवली, चॅनेल बदलला, काही नाही. गिटार, बेस, ड्रम सगळं दणदणत होतं, फक्त काकाचा आवाज नव्हता. इतकी वर्षं वाट बघून ऐनवेळी माझंच मशीन मला दगा देत होतं.

वैतागून मी वर बघितलं. रॉनीचं गाणं थांबलं नव्हतं, तोंड हलत होतं. माइक बंद झालाय हे त्याला कळलेलंच नसावं. पण तोंड इंग्रजी गाण्याचं नव्हतं. सावकाश, जबडा पूर्ण उघडून, एकेक शब्द घडवत होता तो... आमच्यासारखा. लूमवाल्यांसारखा.

त्याने उजव्या हाताची दोन बोटं हनुवटीवर दोनदा आपटली.

पहिल्या रांगेत आबांची पाठ ताठ झाली. हाक कळली होती त्यांना. रॉनी सरळ त्यांच्याकडे बघत होता. डोळे त्याचेच, पण बोलताना जबडा किंचित डावीकडे सरकायचा, काकाचा सरकायचा तसा. मी वाचलं. वाचायला नको होतं असं आजही वाटतं, पण वाचलं.

"दादा. मना बग. फोन आलता."

ड्रम चालूच.

"तीनदा आलता. मुंबैशी. तू बोललास, जना न्हाय यायचा. त्याना बाजा सोरला. आमच्या घरचा नाव कंय लावू नका, बोललास."

मग थोडा थांबला, श्वास घेतल्यासारखा.

"मी मागच्या लूमवर व्हतो, दादा. तुजी व्हटां वाचली मी."

मी मिक्सरची कड धरून उभा होतो. पोरं नाचत होती. कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. माइक गेलाय, लावा रे, असं एक-दोघं माझ्याकडे वळून ओरडले. पण भिंतीकडचे पांढरे कुर्ते... ते सगळे, एकूण एक, रॉनीकडे बघायचं सोडून आबांकडे बघत होते.

"वाट बगली," रॉनीचे ओठ म्हणाले. "तू कवा सांगशील, याची वाट बगली मी. एका ताटान जेवलो आपन. तू न्हाय सांगलास."

आबा उठले. गुडघ्यांमुळे त्यांना आधाराशिवाय उठता येत नाही, तरी उठले. ते काहीतरी बोलले. मला दिसली ती त्यांची पाठ आणि हलणारी टोपी, कारण बोलताना त्यांची मान हलत होती. बराच वेळ बोलले. रॉनी स्थिर उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होता, वाचत असल्यासारखा. मग त्याने एकदा मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला आजतागायत सांगता येत नाही.

आणि गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या. रॉनीने माइकवर टिचकी मारली, हसला, मला अंगठा दाखवून 'माइक, माइक' केलं. मी फेडर वर केला. स्टेजवर मी गेलोच नाही.

शो संपल्यावर मी रॉनीला गाठलं. तो टॉवेलने मान पुसत होता. माइक कधी गेला ते विचारलं, तर म्हणाला, दुसऱ्या कडव्याला, पायाजवळच्या मॉनिटर स्पीकरमध्ये आवाज बंद झाला, पण मी गातच राहिलो. गातच! त्याला दुसरं काही आठवत नव्हतं. मग मी कोण ते सांगितलं. तो टॉवेल तसाच हातात धरून बसला.

"जनाज नेफ्यू? यू शुड हॅव टोल्ड मी, मॅन." मग हिंदीत म्हणाला, "हमने तीन बार फोन किया था. फॅक्टरी पे. बडा भाई बोला, उसने छोड दिया, और हमारा नाम कहीं मत लिखना, घर की इज्जत का सवाल है. हमको लगा जना गुस्सा है. मैं सालों तक उससे नाराज रहा."

म्हणजे रॉनी काकावर रुसून बसला होता, मी रॉनीवर, आणि मधे फोनचा रिसीव्हर धरून आमचे आबा उभे होते.

रफीकचाचाला मी शेडच्या मागे नेऊन विचारलं. माझ्या डोळ्यांना भास झाला म्हणावं तर चाचाचे डोळे सत्तरीतही धागा ओवतात. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला, "फोन का सबको मालूम था, बेटा. सेठ समझे, लूम चल रहे हैं, कौन सुनेगा. सुनने की जरूरत किसको थी? पूरे कारखाने ने पढ़ लिया था. जना ने भी."

"आणि आज?" मी विचारलं. "आज रॉनी काय बोलला?"

"जो तूने पढ़ा, वही मैंने पढ़ा."

"आबांनी काय उत्तर दिलं? तुला तोंड दिसत होतं त्यांचं."

चाचाने मान फिरवली. "वो तेरे लिए नहीं था," म्हणाला. नंतर मी त्याला पन्नासदा तरी विचारलं असेल. दरवेळी हेच.

घरी आल्यावर मी आबांसमोर उभा राहिलो. फोन आलता का? आलता, म्हणाले. का नाही सांगितलं त्याला?

"आठ लूम मना एकट्याना चालवाचे व्हते. बापूस गेलता. तो गेला असता त परत आला नसता."

रॉनीला ऐकवायला म्हणून मी कित्येक वर्षं एक वाक्य घोटून ठेवलं होतं. ते मी माझ्या बापाला ऐकवलं. "तुम्ही त्याचं आयुष्य खाल्लंत," म्हटलं, मोठ्याने, बायकोपोरांसमोर. आबांनी मान खाली घातली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरं वाटलं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

आता तुम्ही तर्क लढवाल, म्हणून सांगतो. मी सगळे लढवून झालेत. रॉनीला मराठी येत नाही, आमची बोली तर नाहीच. लूमवाल्यांसारखं बोलणं त्याने कधी बघितलेलं नाही. हनुवटीवरची खूण आमच्या शेडबाहेर कुणाला ठाऊक नाही. फोनवर आबा खोटं बोलले हे त्याला माहीतच नव्हतं, आणि मला तर फोन आल्याचंच माहीत नव्हतं, त्यामुळे माझ्या मनाने ते घडवलं असंही म्हणता येत नाही. कॅसेट घरी नेऊन लावली तर खणखणीत वाजली. एका पोराने व्हिडिओ काढला होता, त्यात नेमका तेव्हा ड्रमर दिसतो. रॉनीने पुढे त्या गाण्याखाली काकाचं नाव छापून घेतलं, पाकिटाची एक प्रत मला पाठवली. मला हवं होतं ते मिळालं म्हणायचं. पण त्या पाच मिनिटांत स्टेजवर कोण उभं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि देईल असा माणूस अजून भेटलेला नाही.

आबा अजून आहेत. ऐकू येणं जवळपास संपलंय. दर शुक्रवारी जेवण झालं की काठी टेकत शेडमध्ये जातात, खुर्ची ओढून, जिथे स्टेज होतं तिकडे तोंड करून बसतात आणि बोलतात. आवाज नसतो. मागून नुसती टोपी हलताना दिसते. त्यांना घरी आणायला मलाच जावं लागतं. मी दारात उभा राहतो. चार पावलं पुढे जाऊन त्यांच्या समोर उभा राहिलो तर काय बोलतात ते सगळं मला वाचता येईल, आणि कुणीतरी समोर येऊन वाचावं म्हणूनच ते बोलत असतात, हेही मला कळतं.

मी जात नाही.